नवं खासगी विद्यापीठ : ठाणे-नवी मुंबईच्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

बत्तीस वर्षं मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून नौपाड्यातल्या घरी रविवारी सकाळी पालक कागद घेऊन येतात. बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नांची रांग लागते. गेल्या काही वर्षांत त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न नव्या खासगी विद्यापीठांबद्दलचे असतात. खारघर, पनवेल, कर्जत या पट्ट्यात फिरलात तर कारण लगेच कळेल. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खासगी विद्यापीठ म्हणजे नेमकं काय? मोठ्या खासगी कॉलेजपेक्षा ते वेगळं कसं?

फरक एकाच गोष्टीत आहे, पदवी कोण देतं. खासगी कॉलेज कितीही मोठं असलं, तरी पदवीवर सही मुंबई विद्यापीठाची असते. खासगी विद्यापीठ स्वतःच्या नावाने पदवी देतं. हा अधिकार त्याला विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायदा, १९५६ मधल्या कलम २२ प्रमाणे भारतात पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे : केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली घोषित झालेली अभिमत संस्था, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था.

म्हणून माझ्याकडे कुणी चकचकीत माहितीपुस्तिका घेऊन आलं की मी आधी शेवटचं पान उलटतो. कायद्याचं नाव आणि वर्ष छापलंय का, ते पाहतो. जिम आणि फूड कोर्टचे फोटो नंतर.

२. आमच्या भागात 'युनिव्हर्सिटी' लिहिलेल्या इतक्या पाट्या आहेत. सगळ्या सारख्याच का?

नाही, आणि हा घोटाळा सगळ्यात जास्त पालकांचा होतो. जवळचीच उदाहरणं घेऊ.

नेरुळचं डी. वाय. पाटील विद्यापीठ आणि कामोठ्याची एमजीएम आरोग्य विज्ञान संस्था ही अभिमत विद्यापीठं आहेत. त्यांना दर्जा मिळतो तो केंद्र सरकारकडून, यूजीसीच्या शिफारशीवर. पनवेलजवळ भाताणला असलेलं अ‍ॅमिटी हे राज्याच्या २०१४ च्या कायद्याने झालेलं खासगी विद्यापीठ. खारघरचं एनएमआयएमएस हे मुंबईतल्या अभिमत विद्यापीठाचं केंद्र आहे. आणि ठाण्यात खाडीकाठची जोशी-बेडेकर, बांदोडकर ही कॉलेजं म्हणजे मुंबई विद्यापीठाचं कुटुंब. कॉलेज 'स्वायत्त' झालं तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हातात येतात, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच राहते.

आणखी एक प्रकार आहे, समूह विद्यापीठ. मुंबईतली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि एचएसएनसी विद्यापीठ ही जुनी नावाजलेली कॉलेजं एकत्र करून झाली. ती खासगी विद्यापीठांच्या यादीत येत नाहीत.

नावातल्या साम्यावर जाऊ नका. नेरुळचं डी. वाय. पाटील अभिमत आहे, तर पुण्याजवळ लोहगावचं अजिंक्य डी. वाय. पाटील हे राज्याचं खासगी विद्यापीठ आहे. त्याच आडनावाची संलग्न कॉलेजंही आहेत. प्रत्येकाचे प्रवेशाचे, फीचे, सवलतींचे नियम वेगळे. अभिमत संस्थेने नुसतं 'विद्यापीठ' असं न लिहिता 'अभिमत' असल्याचं नावासोबत स्पष्ट सांगावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर यूजीसीने काढला होता. तरीही रिक्षाच्या मागच्या जाहिरातीत तो शब्द शोधावाच लागतो.

३. असं विद्यापीठ कोण काढू शकतं? एखादा बिल्डर किंवा कंपनी काढू शकते का?

व्यक्ती म्हणून कुणीच नाही. लागते ती 'प्रायोजक संस्था' : धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास, १८६० च्या कायद्याखालची नोंदणीकृत संस्था, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. व्यावसायिकाने पैसा घालून असा न्यास काढला तर कायदा अडवत नाही, पण तो पैसा नफा म्हणून परत काढून घेता येत नाही. टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थेला वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा त्याही आधीचा, १९८७ चा आहे.

आपल्याकडे खाजगी पुढाकाराने विद्यापीठ काढण्याची गोष्ट नवी नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा त्यांच्यामागे ना सरकार होतं ना कायदा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावे १५ लाखांची देणगी दिली, तिथून एसएनडीटी हे नाव आलं. पण कायद्याची मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. तोवर त्या मुलींनी 'गृहीतागमा' ही पदवी घेतली, तिला सरकारदरबारी किंमत नसताना. आज चार-पाच वर्षांत सगळं उभं राहतं. त्या मुलींच्या हिमतीची आठवण ठेवून मी म्हणतो, आजच्या मुलांवर तशी वेळ येऊ नये म्हणूनच पुढचे सगळे नियम आहेत.

४. कल्पना सुचल्यापासून पहिला वर्ग भरेपर्यंत टप्पे कोणते असतात?

प्रायोजक संस्था प्रकल्प अहवालासह राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे प्रस्ताव देते. त्यात जमिनीची कागदपत्रं, इमारतींचे आराखडे, कोणते अभ्यासक्रम, किती शिक्षक, पैसा कुठून येणार, असं सगळं असतं. छाननी समिती तो तपासते. पटला तर सरकार इरादापत्र देतं. इरादापत्र म्हणजे 'एवढं पूर्ण करून दाखवा, मग बघू' एवढंच. या टप्प्यावर विद्यापीठ अस्तित्वात आलेलं नसतं.

मग अटींची पूर्तता. जमीन, इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय उभं करायचं आणि एक कायम ठेव सरकारकडे तारण ठेवायची. ही ठेव विद्यार्थ्यांसाठीचा शेवटचा आधार असते (प्रश्न १९ पाहा). पूर्ततेची तपासणी झाली की विषय विधिमंडळात जातो. महाराष्ट्रात आधी दर विद्यापीठासाठी वेगळा कायदा होई. पुढे राज्याने खासगी विद्यापीठांच्या स्थापना व विनियमनाचा एकत्रित कायदा केला, तो २०२३ चा. कायदा झाल्यावर राजपत्रात अधिसूचना येते. तिच्यानंतर कुलगुरू, कुलसचिव, मंडळं नेमली जातात, पहिले परिनियम मंजूर होतात आणि मग प्रवेश.

नवी मुंबईत जमिनीचा मुद्दा थोडा वेगळा आहे. इथली बहुतेक जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावरची, आणि भूखंड कशासाठी दिला ते करारात लिहिलेलं असतं. शाळेसाठी घेतलेल्या भूखंडावर परस्पर विद्यापीठ चालवता येत नाही, वापरबदलाची परवानगी लागते.

५. हे इतके सोपस्कार कशाला? कायदा झाला की पुरे नाही का?

कारण एकदा असंच झालं होतं. छत्तीसगडने २००२ साली एक कायदा केला, त्यात नुसत्या अधिसूचनेने विद्यापीठ स्थापन करण्याची सोय होती. पाहता पाहता ११२ विद्यापीठं निघाली. कित्येकांना स्वतःची इमारत नव्हती, काहींचा पत्ता म्हणजे एखादी खोली. यूजीसीचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याची कलमं ५ आणि ६ घटनाबाह्य ठरवली आणि त्यांच्या आधारे काढलेल्या अधिसूचनाही गेल्या. तिथे शिकणाऱ्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाने दाखवली.

यशपालांना स्वतःसाठी त्यात काहीच मिळवायचं नव्हतं. पदवी या शब्दाची अब्रू राहावी एवढ्यासाठी ते त्या वयात लढले. आज आपण 'जागा दाखवा, शिक्षक दाखवा' असं हक्काने विचारू शकतो, त्यामागे तो खटला आहे.

६. 'यूजीसी मान्यताप्राप्त' लिहिलंय. २(एफ) आणि १२(बी) म्हणजे काय? १२(बी) नसेल तर पदवी चालेल का?

चालेल. कलम २(एफ) ही 'विद्यापीठ' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ त्या व्याख्येत बसतं आणि यूजीसी त्याचं नाव आपल्या यादीत घेते. १२(बी) हा केंद्राकडून अनुदान मिळण्याच्या पात्रतेचा मुद्दा आहे, पदवीच्या वैधतेशी त्याचा संबंध नाही. नव्या खासगी विद्यापीठाकडे १२(बी) सहसा नसतंच. समोरचा अधिकारी मान्यता शब्दावर फार जोर देत असेल तर त्याला शांतपणे विचारा, कशाची मान्यता, कोणत्या तारखेची, पत्र दाखवा.

७. राज्याचा कायदा झालाय म्हणतात, पण यूजीसीच्या यादीत नाव दिसत नाही. आणि एका ठिकाणी 'प्रस्तावित विद्यापीठ' लिहिलंय. प्रवेश घ्यावा का?

दोन्ही परिस्थिती वेगळ्या आहेत.

राजपत्रात कायदा आलेला असेल आणि यादीत नाव यायचं असेल, तर तो बहुतेक वेळा कागद पोचण्या-नोंदण्याचा प्रश्न असतो. विद्यापीठ कायद्याच्या तारखेपासून विद्यापीठच असतं. तरी राजपत्राची प्रत मागा आणि प्रवेशाची तारीख अधिसूचनेच्या नंतरची आहे ना, ते बघा.

'प्रस्तावित' मात्र सोडून द्या. इरादापत्राच्या जोरावर जागा 'बुक' करायला सांगणारे मी पाहिलेत. कायद्याआधी नावात 'विद्यापीठ' शब्द लावणं हाच यूजीसी कायद्याच्या कलम २३ चा भंग आहे. त्याला दंड किती, तर कलम २४ प्रमाणे जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५६ साली त्या रकमेला वजन असेल. आज एका मुलाच्या नोंदणी फॉर्मची किंमत तेवढी असते, आणि हे वाचताना मला दर वेळी चीड येते.

८. आत कारभार कसा चालतो? मालकाच्या मर्जीवर की काही रचना असते?

रचना असते, ती कायद्यात लिहिलेली असते, आणि पालकांनी ती समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. कारण नवं विद्यापीठ चांगलं की वाईट हे इमारतीपेक्षा या मंडळांच्या बैठका खरोखर होतात का, यावर ठरतं.

सगळ्यात वर नियामक मंडळ. त्यात प्रायोजक संस्थेची माणसं, कुलगुरू, शासनाचा प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. अंदाजपत्रक, मोठे धोरणात्मक निर्णय, मालमत्ता हे त्यांच्याकडे. त्याखाली व्यवस्थापन मंडळ, रोजच्या कारभारासाठी. तिसरी विद्या परिषद. माझ्या मते विद्यापीठाचा जीव हाच. कोणता अभ्यासक्रम असावा, किती श्रेयांक (क्रेडिट्स), परीक्षा कशी, पीएच.डी.चे नियम काय, हे इथे प्राध्यापक ठरवतात. तिच्या आधी प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ असतं, तिथे बाहेरच्या विद्यापीठातले आणि उद्योगातले लोकही बसतात. परीक्षेसाठी परीक्षा मंडळ, पैशासाठी वित्त समिती.

अधिकारी म्हणाल तर कुलगुरू हा शैक्षणिक आणि प्रशासकीय प्रमुख. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे त्याला प्राध्यापकपदाचा किंवा तत्सम शैक्षणिक नेतृत्वाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. मग अधिष्ठाते, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, वित्त व लेखा अधिकारी. नियमांची उतरंड अशी : कायदा, त्याखाली परिनियम, त्याखाली अध्यादेश आणि विनियम. मुलाला एटीकेटी मिळेल की वर्ष वाया जाईल, हे बहुधा शेवटच्या पायरीवर लिहिलेलं असतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच परीक्षेचे अध्यादेश मागून घ्या. ते 'अजून छापायचे आहेत' असं उत्तर आलं, तर परीक्षा विभागात उभं आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, थांबा.

एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवा. मुंबई विद्यापीठात अधिसभा असते, तिच्यावर पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य जातात, ते सभागृहात निकालाच्या विलंबावर कुलगुरूंना जाब विचारू शकतात. खासगी विद्यापीठात अशी निवडून आलेली अधिसभा नसते. तिथे प्रश्न विचारायचं काम तुम्हा-आम्हालाच करावं लागतं.

९. राज्यपाल कुलपती असतात ना? मग इथे कुलपती म्हणून संस्थाचालकाचा फोटो कसा?

राज्यपाल कुलपती असतात ते सार्वजनिक विद्यापीठांचे. खासगी विद्यापीठात कुलपती प्रायोजक संस्थेकडून येतो. त्यात गैर काही नाही, कायदाच तसा आहे. फक्त कुलपती आणि कुलगुरू एकाच घरातले असतील, कुलसचिवही नात्यातला असेल, तर प्रश्न ८ मधली मंडळं कितपत मोकळेपणाने बोलत असतील याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

१०. बी.टेक.ला एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) परवानगी नाही असं कळलं. पदवी खोटी का?

खोटी नाही. भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही, पण त्या परिषदेचे दर्जाविषयक निकष पाळावे लागतात. अनेक खासगी विद्यापीठं तरीही परवानगी घेतात, कारण पालक विचारतात.

इतर परिषदांचं तसं नाही, आणि इथेच लोक फसतात. बी.फार्म. करून फार्मासिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल तर फार्मसी कौन्सिलची मान्यता हवीच. वकिलीची सनद हवी तर बार कौन्सिल. आर्किटेक्टसाठी वास्तुकला परिषद, नर्सिंगसाठी नर्सिंग कौन्सिल, बी.एड.साठी एनसीटीई, एमबीबीएससाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आणि नीट. पदवी विद्यापीठ देईल, पण व्यवसायाची नोंदणी परिषद देते.

माझ्या एका शेजाऱ्यांच्या मुलीने अशाच एका संस्थेत प्रवेश घेतला. मान्यता 'येतेच आहे' असं तोंडी सांगितलं होतं. ती तिच्या तुकडीसाठी आली नाही. दोन वर्षं आणि वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतला मोठा हिस्सा गेला. मी त्या वेळी त्यांच्यासोबत कार्यालयात गेलो असतो तर पत्राची तारीख वाचली असती. ही रुखरुख अजून आहे, आणि हे सगळं लिहून काढण्यामागे तीही आहे.

११. प्रवेश सीईटीच्या कॅप राउंडमधून होतो का?

सहसा नाही. कॅप फेऱ्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या, संलग्न आणि स्वायत्त कॉलेजांसाठी असतात. खासगी विद्यापीठ स्वतःची प्रक्रिया राबवतं, एमएचटी-सीईटी किंवा जेईईचे गुण ग्राह्य धरतं, कधी स्वतःची परीक्षा घेतं. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढच्या प्रश्नाचं अख्खं उत्तर त्यात दडलंय.

१२. मुलींना फी माफ आहे ना? ओबीसी, ईबीसी सवलत मिळेल का?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ मिळाला. पण त्याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ हे खासगी विद्यापीठाचं सरकारी नाव. शिवाय या सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला जोडलेल्या आहेत. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचंही तसंच.

कळवा, दिवा, ऐरोलीतून येणाऱ्या कित्येक घरांचं गणित या एका ओळीवर उभं असतं. शेजारच्या कॉलेजात गेलेल्या मैत्रिणीला माफी आणि आपल्या मुलीला पूर्ण फी, हे ऑगस्टमध्ये कळतं. त्यामुळे प्रवेशापूर्वीच विचारा : विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती आहे का, ती पहिल्याच वर्षी की चारही वर्षं, आणि ती टिकवायला किती सीजीपीए लागतो. उत्तर ईमेलवर घ्या. फीही चारही वर्षांची, दरवर्षीच्या वाढीसकट, लेखी मागा.

१३. बँक कर्ज देईल का?

देते. सर्वसाधारण योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि पत हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. नोव्हेंबर २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजना मात्र प्रामुख्याने केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीतल्या वरच्या संस्थांसाठी आहे. काल निघालेलं विद्यापीठ त्या यादीत बसत नाही.

१४. नॅक मूल्यांकन नाही. मग घ्यावं की नको?

नवं असेल तर नसणारच. नॅकचा, म्हणजे संस्थांचा दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या परिषदेचा, रूढ निकष दोन तुकड्या बाहेर पडल्या किंवा सहा वर्षं पूर्ण झाली, यातलं जे आधी होईल ते, असा आहे. तेवढ्यावरून नाही म्हणू नका. पण आठ-दहा वर्षं झाली आणि तरीही मूल्यांकन नाही, तर कारण विचारायलाच हवं. 'ए प्लस' लिहिलं असेल तर ते विद्यापीठाचं की त्याच संस्थेच्या जुन्या कॉलेजचं, ते तपासा.

१५. मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याचं कॉलेज आता विद्यापीठ झालं. पदवी कुणाची मिळणार?

ज्या विद्यापीठाखाली प्रवेश घेतला, त्याचीच. संलग्न कॉलेजचं विद्यापीठ होतं तेव्हा जुन्या तुकड्या मुंबई विद्यापीठाच्या म्हणूनच पूर्ण होतात, नव्या तुकड्या नव्या नावाने सुरू होतात. विद्याविहारला सोमय्या विद्यापीठ २०१९ मध्ये झालं तेव्हाही दोन्ही तुकड्या काही काळ एकाच आवारात शिकत होत्या.

गुंता होतो तो नापास किंवा वर्ष गॅप झालेल्या मुलांचा. जुना अभ्यासक्रम किती वर्षं चालू राहील, पुनर्परीक्षा कुठे होईल, हे लेखी घ्या. कायम नोंदणी क्रमांक आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधली नोंद दोन्ही जपून ठेवा. कुणी 'नव्या विद्यापीठात वळून घ्या, सोपं पडेल' म्हणालं, तर आधी किती श्रेयांक वळते होतील ते कागदावर मागा, मग ठरवा.

१६. दुसऱ्या शहरातल्या एका खासगी विद्यापीठाचं 'सेंटर' घोडबंदर रोडला निघालंय. दोन मजले आहेत. चालेल?

यूजीसीच्या २००३ च्या विनियमांप्रमाणे खासगी विद्यापीठ एकसंध असतं. त्याला कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. मुख्य आवार विकसित झाल्यावर, पाच वर्षांनंतर आणि परवानगीनेच राज्यात दुसरीकडे केंद्र काढता येतं. राज्याबाहेरच्या खासगी विद्यापीठाचं ठाण्यातलं 'सेंटर' तर त्याहून संशयाचं. क्लासवाल्याशी करार करून वर्ग भरवायचे आणि पदवी विद्यापीठाच्या नावाने द्यायची, हा प्रकार बसत नाही. यूजीसीची त्या केंद्राला, त्या पत्त्यावर दिलेली परवानगी दाखवा म्हणा.

ऑनलाइन किंवा दूरशिक्षण असेल तर नियम आणखी वेगळे. त्यासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी मान्यता लागते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा हे अभ्यासक्रम त्या मार्गाने होतच नाहीत.

१७. मी शिक्षिका आहे. नव्या खासगी विद्यापीठातून पीएच.डी. करू का?

यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. दूरशिक्षणाने पीएच.डी. होत नाही. मार्गदर्शक विद्यापीठाचा पूर्णवेळ शिक्षक हवा. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार, यापेक्षा जास्त विद्यार्थी एकावेळी नसतात. विभागात प्राध्यापक तीन आणि संशोधक साठ असतील, तर हिशोब तिथेच संपतो.

१८. नवी मुंबईच्या एज्युसिटीत परदेशी विद्यापीठं येणार आहेत. तीही खासगी विद्यापीठंच का?

नाही. ती यूजीसीच्या २०२३ च्या वेगळ्या विनियमांखाली येतात. पदवी मूळ परदेशी विद्यापीठाच्या नावाने मिळते आणि तिला भारतात वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. जून २०२५ मध्ये अबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रं दिली गेली. इरादापत्राबद्दल प्रश्न ४ मध्ये जे लिहिलं, ते इथेही लागू.

१९. विद्यापीठच बंद पडलं तर?

प्रायोजक संस्थेला एका रात्रीत कुलूप लावता येत नाही. सरकारला, विद्यार्थ्यांना, कर्मचाऱ्यांना आधी नोटीस द्यावी लागते आणि शेवटची तुकडी पूर्ण करावी लागते. गैरकारभार झाला तर सरकार चौकशी करून कारभार हातात घेऊ शकतं. प्रश्न ४ मधली कायम ठेव तेव्हा मुलांचं शिक्षण पुरं करायला वापरता येते. त्यामुळे ती ठेव खरंच भरली आहे का, हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

२०. प्रवेश रद्द केला. फी परत देत नाहीत, आणि मूळ मार्कशीटही अडवून ठेवलीय.

मूळ कागद अडवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. यूजीसीचे आदेश स्पष्ट आहेत, कागद पडताळून लगेच परत करायचे.

फीसाठी यूजीसीचं २०१८ चं कोष्टक असं : प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलात तर पूर्ण फी परत (प्रक्रिया शुल्क म्हणून पाच टक्के, पण पाच हजारांहून जास्त नाही, एवढीच कपात), त्या तारखेआधी १५ दिवसांच्या आत असेल तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, नंतर काही नाही. काही वर्षी यूजीसीने याहून उदार मुदत दिली आहे, त्यामुळे चालू वर्षाचं परिपत्रक बघा. 'आमचा नियम वेगळा आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

२१. तक्रार नेमकी कुठे करायची?

२०२३ च्या यूजीसी विनियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर लोकपाल. हा निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक किंवा जिल्हा न्यायाधीश असतो आणि विद्यापीठाशी हितसंबंध नसलेला असावा लागतो. लोकपालाचं नाव संकेतस्थळावर असणं बंधनकारक आहे. रॅगिंग आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची यंत्रणा स्वतंत्र आहे, त्यांना या रांगेत उभं करू नका.

आणखी एक वाट बहुतेकांना सुचत नाही. खासगी विद्यापीठाला माहितीचा अधिकार थेट लागू आहे की नाही, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. अर्ज यूजीसीकडे आणि मंत्रालयातल्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे करा. त्या विद्यापीठाचा तपासणी अहवाल, इरादापत्राच्या अटी, पूर्ततेचे कागद तिथे असतात आणि ते मागता येतात. मंत्रालयाच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

२२. पाहायला गेलो तर काय बघायचं? तुम्ही सोबत याल का?

तब्येत बरी असेल तर येतो, रविवार सोडून. कारण रविवारी विद्यापीठ रिकामं असतं आणि रिकाम्या इमारतीतून काही कळत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला जा. ग्रंथालयात मुलं बसलीत का बघा, आणि शेल्फवरचं एक पुस्तक काढून मागच्या चिठ्ठीवर किती शिक्के आहेत ते बघा. संगणकावर नोंद ठेवत असतील तर ग्रंथपालाशी दोन मिनिटं बोला, ग्रंथपाल सहसा खरं सांगतात. शिक्षकांच्या खोल्यांबाहेरच्या पाट्या वाचा आणि संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून बघा. मार्गदर्शन कक्षातल्या हसऱ्या मुलांऐवजी कँटीनमधल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, गेल्या सत्राचा निकाल परीक्षेनंतर किती दिवसांनी लागला.

येताना पिशवीत या गोष्टी आणा : राजपत्राची प्रत, अभ्यासक्रमाच्या परिषदेचं चालू वर्षाचं पत्र, चारही वर्षांचं फीपत्रक आणि परीक्षेचे अध्यादेश. चारपैकी एक नसला तरी या, आपण बसून त्यांना पत्र लिहू.